पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलांच्या मॅडम

डॉ. विमल नंदेश्वर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात मी निवासी डॉक्टर म्हणून रुजू व्हायला आले होते. थंडीचे दिवस होते. सकाळच्या एसटीनं वर्ध्याहून आल्यामुळे बोटं आखडली होती. मॅडम एका मुलाच्या पोटावर वाकून उभ्या होत्या आणि मी हातात कागद धरून त्यांच्यामागे. मागे वळूनही न पाहता त्यांनी विचारलं, "हात थंड आहेत का तुझे?"

मी हो म्हटलं.

"मग आधी चोळून गरम कर. थंड हात लागला की पोरगं पोट आवळून घेतं, मग आपल्याला काही कळत नाही."

माझं नाव काय, गाव कुठलं, शिक्षण कुठं झालं, हे त्यांनी पुष्कळ नंतर, दुपारी डबा खाताना विचारलं. त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्यांची विद्यार्थिनी आहे. आधी त्यांच्या हाताखाली शिकले, मग त्यांच्याबरोबर काम केलं, आणि आता त्यांनी सुरू केलेल्या विभागात रोज सकाळी जाऊन बसते.

मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त गौरवग्रंथ काढायचं त्यांच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, आणि मुलांच्या पोटदुखीवर त्यांनी केलेल्या कामाबद्दल, विशेषतः त्या कॅमेऱ्याच्या गोळीबद्दल, मी लिहावं असं ठरलं. ही बातमी मॅडमपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांचा फोन आला.

"माझ्याबद्दल लिहिणार आहेस म्हणे, मेघा?"

"हो, मॅडम."

"अर्पिताचं लिहिशील?"

मी विषय टाळू पाहिला. गौरवग्रंथात कुणी असलं काही लिहीत नाही.

"ते लिहिणार नसशील तर राहू दे," त्या म्हणाल्या. "बाकीचं सगळे लिहितीलच."

म्हणून हा लेख असा आहे. अर्पिता हे नाव मी या लेखापुरतं दिलेलं आहे. बाकी जे आहे ते घडलं तसं लिहिते आहे, आणि मॅडमच्या सांगण्यावरून लिहिते आहे, हे वाचकांनी कृपया लक्षात घ्यावं.

मॅडमचं बालपण उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत गेलं. वडील गिरणीत कामाला होते. दीक्षाभूमीवर वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्याचं त्यांना अंधूक आठवतं. सभेतलं काही कळलं नव्हतं, पण परतताना वडील सारखे "आता शिकायचं" एवढंच म्हणत होते, हे आठवतं, असं त्या सांगतात. त्या शिकल्या. वस्तीतल्या पहिल्या डॉक्टर झाल्या. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना काय काय ऐकावं लागलं याबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, "मी बरोबर असले तरी मला दोनदा सिद्ध करावं लागायचं. म्हणून मी बरोबर असायची सवयच लावून घेतली." हे वाक्य त्यांनी अभिमानानं उच्चारलं नव्हतं. का नव्हतं, ते पुढे येईल.

आणि मॅडम खरोखरच बरोबर असायच्या. माझ्या पहिल्याच वर्षी एक मुलगा पोट दुखतंय म्हणून आला होता. ताप, उलट्या, उजव्या बाजूला दुखणं. सर्जन मंडळींनी अपेंडिक्स ठरवून शस्त्रक्रियेची तयारी सुरू केली. मॅडम आल्या, पोटाला जेमतेम हात लावला आणि त्याच्या श्वासाकडे पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "याच्या छातीचा फोटो काढा. पोट काही करत नाही बिचारं." फोटोत फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. मुलगा औषधांवर बरा होऊन घरी गेला. असे प्रसंग इतके होते की मॅडमनी एकदा सांगितलं म्हणजे ते तसंच, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मॅडमनीही धरलं होतं.

अर्पिता आली तेव्हा तिसरीत होती. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहायची. वडील केंद्रात पाळीवर जायचे. आई, सुनंदाताई, तिला घेऊन आल्या होत्या. मुलगी किरकोळ अंगाची, मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी. बेंबीच्या आसपास दुखतं, कधी जेवल्यावर, कधी सकाळीच. जेवण कमी झालेलं. शाळा बुडू लागलेली.

मॅडमनी कसर ठेवली नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिलं, खालून दुर्बीण घालून मोठं आतडं पाहिलं. सगळं ठीक होतं. रक्त जरा कमी होतं, पण आपल्याकडे या वयाच्या कितीतरी मुलींचं ते असतंच. इथं वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. वरून घातलेली दुर्बीण जठराच्या थोडी पुढे जाते, खालून घातलेली मोठं आतडं ओलांडून फार तर लहान आतड्याच्या तोंडाशी पोचते, आणि अर्पिताच्या वेळी तीही तिथवर पोचली नव्हती. मधलं लहान आतडं, जे सगळ्यांत लांब असतं, ते त्या काळी आमच्या दृष्टीनं अंधारातच होतं.

मॅडमनी सुनंदाताईंना समोर बसवून सांगितलं, "पोरीला काही आजार नाही. शाळेत काहीतरी झालं असेल, नाहीतर अभ्यासाचा ताण असेल. तुम्ही तिचं पोट पोट करू नका, म्हणजे तीही करणार नाही." मग त्या अर्पिताकडे वळल्या. तिच्या गालाला हात लावून, अगदी मायेनं म्हणाल्या, "बेटा, तुझं पोट एकदम चांगलं आहे. आता दुखतं असं म्हणायचंच नाही. म्हटलं नाही की दुखणारही नाही. काय?"

अर्पितानं मान हलवली.

मी तिथंच होते. मॅडमचं बोलणं मला तेव्हा फार छान वाटलं होतं.

पुढे दोनेक वर्षं आम्ही तिला पाहिलं नाही. मुलगी बरी झाली असं धरून आम्ही विसरून गेलो. मग एका दुपारी तिला अपघात विभागात आणलं. पोट ढोलासारखं फुगलेलं, हिरव्या उलट्या, अंग थंड पडत चाललेलं. सर्जननी लगेच पोट उघडलं. लहान आतडं ठिकठिकाणी अरुंद होऊन गेलं होतं, एका ठिकाणी फुटलं होतं. बराच मोठा तुकडा काढून टाकावा लागला. तपासणीत क्रोन्स हा आतड्याला आतून सूज आणि जखमा करणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार निघाला. ती पहिल्यांदा आली तेव्हाही तो तिला होता, याबद्दल कुणालाच शंका राहिली नाही.

ती वाचली. शुद्धीवर येऊन थोडंफार बोलू लागली तेव्हा मॅडम तिच्या कॉटपाशी बसल्या होत्या. मी सलाईन पाहत होते. मॅडमनी विचारलं, "इतके दिवस दुखत होतं तर सांगितलं काहून नाही, बेटा?"

अर्पितानं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

"तुमीच तं म्हणलं होतं, दुखते म्हणू नोको."

मॅडम तिचं पांघरूण नीट करून उठल्या आणि वॉर्डाबाहेर गेल्या. त्या दिवशी त्यांनी ओपीडी घेतली नाही. माझ्या आठवणीत असं तेव्हा एकदाच झालं.

नंतर त्यांनी अर्पिताचे जुने आकडे काढून पाहिले. पहिल्यांदा आली तेव्हाचं वजन आणि उंची तिच्या वयाला कमी होती, आणि दोन वर्षांत उंची जवळपास वाढलीच नव्हती. "तिचं शरीर सांगत होतं," मॅडम मला म्हणाल्या. "तीही सांगत होती. मी दोघांचंही ऐकलं नाही."

विभागाची आठवड्याची बैठक असे. त्यात अवघड रुग्णांची चर्चा व्हायची. मॅडमनी अर्पिताची हकीगत स्वतः मांडली. विभागप्रमुख म्हणून त्यांना स्वतः उभं राहायची गरज नव्हती, एखाद्या निवासी डॉक्टरला सांगून भागलं असतं. त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं आणि शेवटी, मुलीला काय म्हणाल्या होत्या, ते शब्दही जसेच्या तसे सांगितले. मागच्या बाकावरून एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "अहो मॅडम, त्या वेळी दुसरं कुणीही हेच म्हटलं असतं. लहान आतडं बघायची सोय होती कुठं?"

"बघायची सोय नव्हती," मॅडम म्हणाल्या. "ऐकायची होती."



अर्पिता घरी गेल्यावर एका रविवारी मॅडम खापरखेड्याला गेल्या. मला बरोबर नेलं. वसाहतीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर केंद्राच्या राखेचा बारीक थर. अर्पिता आत झोपली होती, वडील कामावर होते. सुनंदाताईंनी चहा ठेवला. मॅडमनी चहा येईपर्यंतही वाट पाहिली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, माझं चुकलं. तुमच्या मुलीवर मी विश्वास ठेवला नाही. हे सांगायला आले आहे."

सुनंदाताईंनी गॅस बंद केला. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मॅडम, तुमी तं तिले घडीभर पायलं. मी तं रोज तिच्या ताटातलं उरलेलं काढत होती. मले दिसत नव्हतं का? पण तुमी म्हणलं होतं ना, पोट पोट करू नोका, तं मी तिले रागवू लागली. एकदा तं मारलंबी." त्या बोलता बोलता खाली बसल्या. "ते माफी तुमी माह्याजवळ काहून मागता? मी कोणाजवळ मागू?"

मॅडम त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या. त्या स्वयंपाकघरात मला कुठं पाहावं ते कळत नव्हतं. येताना गाडीत मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "आईच्या हातून मारवलं मी तिला."

याच सुमारास लहान आतडं आतून पाहायची एक नवी रीत निघाल्याचं आम्ही वाचत होतो. गोळीच्या आकाराचा कॅमेरा. रुग्णानं तो पाण्याबरोबर गिळायचा. तो आतड्यातून आपल्या गतीनं पुढे सरकत जातो आणि वाटेत हजारो चित्रं काढतो. कमरेला बांधलेल्या पट्ट्यातलं यंत्र ती साठवून घेतं. शेवटी तो शौचावाटे निघून जातो. ना भूल, ना टाके, मूल दिवसभर खेळू शकतं. मोठ्या शहरांत प्रौढांसाठी हे सुरू झालं होतं. मुलांना देणारे फार थोडे होते.

मॅडम तेव्हा निवृत्तीकडे झुकल्या होत्या. त्या वयात त्यांनी रजा काढून दक्षिणेतल्या एका रुग्णालयात जाऊन हे शिकून घेतलं. तिथं शिकणारी बाकीची मंडळी त्यांच्या मुलांच्या वयाची होती. भाषा येत नव्हती, जेवण सोसत नव्हतं. परत आल्या तेव्हा वजन उतरलं होतं, पण लहान आतड्याची चित्रं वाचायला त्या शिकल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांमागे लकडा लावला आणि मुलांसाठी ही सोय तिथं सुरू करून घेतली.

विरोध झाला. मुलं एवढी मोठी गोळी गिळणार नाहीत, गोळी आतच अडकली तर काय, असं जाणकारांनीच विचारलं. शंका रास्त होत्या आणि मॅडमनी त्या कधी हसण्यावारी नेल्या नाहीत. पण पहिल्या मुलाला देण्याआधी त्यांनी ती गोळी स्वतः घेतली. सकाळी उपाशीपोटी गिळली, कमरेला पट्टा बांधला आणि साडीवर तो मिरवत दिवसभर ओपीडी केली. मुलं येऊन पट्ट्यावरचा लुकलुकणारा दिवा पाहून जात होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमचंबी पोट दुखते का?" मॅडम म्हणाल्या, "दुखत नाही. पण तुले देण्याआधी मले माहीत पाहिजे ना, कसं वाटते ते."

मुलांना गिळायला शिकवायची त्यांची स्वतःची पद्धत होती. आदल्या दिवशी मुलाला बोलवायचं, आधी भिजवलेला मनुका, मग संत्रा बर्फीची बोटाच्या पेराएवढी वळकटी, आणि मान जरा खाली झुकवून पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचं. शेजारी बसून त्या स्वतः गिळून दाखवत. मधुमेह असूनही बर्फी खातात म्हणून मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "चावत कुठं आहे? औषध आहे ते." ज्यांना जमायचंच नाही अशा लहानग्यांना भूल देऊन दुर्बिणीनं ती गोळी आत सोडावी लागे. पण तशी वेळ येऊ नये म्हणून मॅडम हव्या तेवढ्या बर्फीच्या वळकट्या करत.

चित्रं पाहायचं काम कंटाळवाणं असतं. सगळं आतडं डोळ्यांसमोरून सरकत जातं आणि एखाद्या चित्रात काही असलं तर तेवढंच. मॅडम ते दुसऱ्या कुणावर सोडत नसत. दुपारी खोलीचं दार लावून बसत. चहा आला तर पडदा थांबवत, नाहीतर नाही.

एक मुलगी होती, कामठीकडची. पोटदुखी आणि रक्त कमी. लोहाच्या गोळ्या घेऊन रक्त वाढायचं आणि पुन्हा उतरायचं. वरची आणि खालची दुर्बीण स्वच्छ. घरात सगळे तिला नाटकी म्हणायचे. तिच्या चित्रांत लहान आतड्याच्या अस्तरावर वाढलेले मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, सापडले, त्यातला एक रक्त गाळत होता. मॅडम खोलीतून बाहेर आल्या. आई बाकावर बसली होती. पण मॅडम आधी मुलीपुढे गेल्या, स्वतःच्या गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या आणि म्हणाल्या, "तू खरं सांगत होतीस." मुलीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं. पुढे ते कोंब काढले, मुलगी बरी झाली, पण माझ्या लक्षात राहिलं ते तिचं तसं वळून पाहणं. मॅडमच्याही राहिलं असावं. त्या संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "अर्पिता परत आली म्हणून मला कळलं, मेघा. तिच्याआधी मी कितीजणींना घरी पाठवलं असेल. त्या परत आल्याच नाहीत. त्यांचं काय झालं?"

 

मॅडमच्या या कामाचं कौतुक करताना पुष्कळजण त्या गोळीचंच कौतुक करतात. मॅडमना ते आवडत नाही. नुसतं पोट दुखणाऱ्या, पण वजन वाढणाऱ्या, खेळणाऱ्या, रक्त चांगलं असणाऱ्या मुलात त्या गोळीला बहुधा काहीच सापडत नाही, हे त्या पालकांना आधीच सांगत. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या उचलणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. कुणीतरी त्यांना कॅमेऱ्याच्या गोळीबद्दल सांगितलं होतं आणि ती घेतल्याशिवाय जाणार नाही असं ठरवूनच ते आले होते. मॅडमनी मुलाला तपासलं, सगळं पाहिलं आणि गोळीची गरज नाही म्हणाल्या.

"म्हणजे खोटं बोलून रायला का हा?" बापानं विचारलं.

"नाही. त्याचं दुखणं खरं आहे. फक्त त्याचा फोटो निघत नाही."

"मंग दुखते काहून?"

"ते त्यालेच विचारू."

मग त्यांनी बापाला बाहेर बसवलं आणि मुलाशी गप्पा मारत राहिल्या. शाळा, मित्र, डबा. बोलता बोलता निघालं ते असं. शाळेच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती आणि मोठी मुलं दार ढकलायची. म्हणून हा सकाळपासून घरी जाईपर्यंत थोपवून धरायचा. पाणीही पीत नसे. दुपारी पोटात कळा यायच्या. मॅडमनी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. मुलाचं नाव घेतलं नाही, कडीचंच बोलल्या. कडी बसली, साधं औषध आणि भरपूर पाणी यांवर महिन्याभरात पोट दुखायचं थांबलं. बाप पुन्हा आला तो पिशवीभर संत्री घेऊन. मॅडमनी ती वॉर्डात वाटायला लावली.

आता पुन्हा अर्पिताकडे यावं लागतं.

गोळीची सोय नागपुरात झाली तेव्हा अर्पिता कॉलेजात होती. उंची शाळेतल्या मुलीएवढीच राहिली होती. औषधं चालू होती, तरी मधून मधून दुखणं उसळायचं. मॅडमनी तिला बोलावलं. जिच्यामुळे हे सगळं उभं राहिलं, तिच्या आतड्यात आता काय चाललं आहे ते नीट पाहता येईल, अशी त्यांना आशा होती. त्यांनी ती बोलून दाखवली नाही, पण त्या दिवसांत त्या वेगळ्याच उत्साहात होत्या हे मला दिसत होतं.

आतडं कुठं अरुंद असण्याची शंका असली की आधी एक नुसती गोळी देतात. तिच्यात कॅमेरा नसतो आणि अडकलीच तर ती हळूहळू विरघळते. ती अखंड बाहेर आली तर वाट मोकळी. अर्पितानं ती सहज गिळली. मनुके, बर्फी काही लागलं नाही, तिला औषधांच्या गोळ्यांची सवय होती. पण गोळी पुढे गेलीच नाही. जुन्या शस्त्रक्रियेच्या जागेजवळ अडकली. पोटात कळा आल्या, उलट्या झाल्या, तिला भरती करावं लागलं. गोळी विरघळेपर्यंत मॅडम तिच्याजवळून हलल्या नाहीत. कॅमेऱ्याची गोळी तिला कधीच देता येणार नव्हती.

मॅडमनी तिला ते सांगितलं. अर्पिता उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जाऊ द्या ना, मॅडम. माझ्या पोटात काय आहे ते तं आता सगळ्यांले माहीत आहे. ज्यांचं माहीत नाही, त्यांले द्या."

तिच्यासाठी दुसऱ्या तपासण्या होत्या, दुसरी औषधं होती, पुढे आणखी एक छोटी शस्त्रक्रिया झाली. आज ती बरी आहे, म्हणजे या आजारात जितकं बरं असता येतं तितकी आहे. पण गेलेलं आतडं परत आलं नाही आणि राहिलेली उंची वाढली नाही. मॅडमनी पुढे कितीतरी मुलांचं दुखणं वेळेवर शोधलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही आज विदर्भात ठिकठिकाणी मुलांना आधी विचारतो आणि मग यंत्राकडे जातो. मॅडम हे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "चांगलं झालं. पण तिला उशीर झाला." या वाक्यापुढे आमचं काही चालत नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी अर्पिताची परवानगी घ्यायला गेले. ती नागपुरातच, हुडकेश्वरला राहते. आई आता तिच्याजवळ असते. अर्पिता एका खाजगी कार्यालयात हिशेब सांभाळते, संध्याकाळी आसपासच्या मुलींना गणित शिकवते. मी येण्याचं कारण सांगितलं. मॅडमनीच लिहायला सांगितलं आहे, हेही सांगितलं.

"लिहा," ती म्हणाली. "पण माझ्या मनात मॅडमबद्दल काहीच राग नव्हता, असं लिहू नका. असल्या लेखांत सगळे तसंच लिहितात. राग होता. पुष्कळ वर्षं होता. वर्गातल्या पोरी उंच झाल्या, त्यांची लग्नं झाली, मी तिथंच राहिली. तेव्हा मला मॅडमचाच राग यायचा. आईचा नाही आला, मॅडमचा आला."

"आणि आता?"

"आता काय." ती जरा हसली. "परवा पुन्हा दुखून राहिलं होतं. आईला नाही सांगितलं, ती घाबरते. मॅडमले फोन केला. त्या काही डॉक्टरकीचं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, सांग. मी सांगत राहिली, त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, सकाळी मेघाकडे जा. कधीबी दुखलं का मी पहिले त्यांलेच सांगते. दुसऱ्या कोणाले सांगायचं म्हणलं तं अजूनबी जीभ रेटत नाही."

सुनंदाताई आतून चहा घेऊन आल्या, आणि मग आम्ही दुसऱ्या गोष्टी बोललो.

मॅडम, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी अर्पिताचं लिहिलं आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी कुठं कुठं तुमची बाजू घेतली ते तुम्हाला दिसेल, आणि तुम्ही रागवाल. विद्यार्थिनी म्हणून तेवढी मोकळीक मी घेतली आहे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही चित्रं पाहणं बंद केलंत, ते काम आता आमच्याकडे आहे आणि आम्ही ते घाई न करता करतो. तुमचे गुडघे जिना चढण्याइतके बळकट राहावेत, साखर आटोक्यात राहावी, कान आज आहेत तसेच तल्लख राहावेत. आणि हुडकेश्वरहून फोन येईल तेव्हा तो उचलून "सांग" म्हणायला तुम्ही असाव्यात, यापुढची पुष्कळ, पुष्कळ वर्षं.